खुले पत्र : कर्णबधिर मुलांच्या तपासणीत ईसीजी घ्या

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्याच्या आरोग्याचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी,
तसेच हृदयरोग आणि कान-नाक-घसा विभागांतील सर्व तज्ज्ञ डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी कर्णबधिर मुलांच्या तपासणीचे एक शिबिर झाले. वजन झाले, उंची झाली, डोळे, दात, कान, रक्त सगळे झाले. मी विचारले, ईसीजी कुठे काढायचा? टेबलावर बसलेल्या साहेबांनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ईसीजी यादीत नाही. कानाच्या पोरांना हृदयाचं काय?" मागच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबांचा स्वर वाईट नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. यादी करणाऱ्यांना मात्र माहीत असायला हवे होते, म्हणून हे पत्र त्यांना आणि त्यांच्यासोबत तुम्हा सर्वांना लिहिते आहे.

मी भुदरगड तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. गावातले कुठले पोर कधी रांगले, कुणाला हाक ऐकू जात नाही, कुणाचे वजन घटले, हे माझ्या वहीत असते. पण हे पत्र मी सेविका म्हणून लिहीत नाही. माझी थोरली मुलगी जन्मतः बहिरी आहे आणि तिच्या हृदयातही जन्मतः दोष आहे. दोन्ही दोष एकाच कारणाने आहेत, आणि हे आम्हाला कळेपर्यंत ती अनेकदा मरणाच्या दारातून परत आली होती.

आजाराचे नाव जेर्वेल अँड लांगे-निल्सन सिंड्रोम. नॉर्वेतल्या या दोन डॉक्टरांनी १९५७ साली एका घराची हकीकत लिहून ठेवली. सहा मुले, त्यांतली चार बहिरी, त्या चौघांनाही अचानक बेशुद्ध पडण्याचा त्रास, आणि त्यांतली तीन अचानक गेली. ईसीजीच्या कागदावर हृदयाच्या ठोक्याचा एक भाग, ज्याला क्यूटी म्हणतात, तो या मुलांमध्ये फार लांबलेला असतो. या गोष्टीला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. आजार दुर्मीळ आहे, नवा नाही.

कानाचा आणि हृदयाचा संबंध काय, हे मला ज्या डॉक्टरांनी समजावले त्यांचे मी आयुष्यभर उपकार मानीन. आपल्याकडे उसाला पाणी पाजताना दारं धरतात, तसेच शरीरातल्या पेशींनाही पोटॅशियम आत-बाहेर जाण्यासाठी दारे असतात. त्यांतले एक विशिष्ट दार हृदयातही असते आणि आतल्या कानातही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाने पुन्हा तयार व्हायचे तर त्या दारातून पोटॅशियम वेळेवर बाहेर पडावे लागते. कानाच्या आतल्या पाण्यात पोटॅशियम सोडण्याचे कामही तेच दार करते, म्हणून ते बिघडले की ऐकूच येत नाही. केसीएनक्यू१ किंवा केसीएनई१ या दोनपैकी एका जनुकात, आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही बाजूंनी दोष आला, तर मूल असे जन्मते. पोर घाबरले, पळाले, रडून रडून हैराण झाले, की हृदयाची लय एकदम बिघडते. रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही. पोर कोसळते, हातपाय झाडते, कधी त्याचे कपडे ओले होतात. बघणाऱ्याला वाटते फिट आली. कधी लय आपोआप सावरते आणि पोर उठून बसते. कधी सावरत नाही.

उपचार न मिळालेल्या अशा मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुले पंधरा वर्षांची होण्याआधी दगावतात, असे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेले आहे. निदान करायला लागतो तो एक साधा ईसीजी. तालुक्याच्या दवाखान्यात निघतो तोच.

माझी मुलगी चार वर्षांची असताना वासराच्या मागे पळत होती. गोठ्याच्या तोंडाशी आली आणि उभी कोसळली. ओठ निळे पडले. शेजारच्या मावशींनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी मुठीत लोखंडाची किल्ली कोंबली. "आत्ता खेळत हुती की गं पोरगी!" असा एकच गलका. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. चप्पल हुंगवणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या हाताशी तेवढेच होते. त्यानंतर आम्ही ज्या ज्या दारात गेलो तिथे शिकलेली माणसे होती आणि यंत्रेही होती. मेंदूचा आलेख काढला, नॉर्मल आला. तरी फिटचे औषध सुरू झाले. ते घेतानाही ती दोनदा पडली, तेव्हा डोस वाढवला. ही पोर बहिरी आहे, हे प्रत्येक केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहिलेले होते. एकाही ठिकाणी छातीला तारा लावल्या गेल्या नाहीत.

आजार सापडला तो कानाच्या ऑपरेशनमुळे. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऐकू यावे म्हणून आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी, नंबर लागला, ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत ईसीजी निघाला आणि भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम तो कागद हातात धरून थांबल्या. त्यांनी पट्टी घेतली, बारीक चौकोन मोजले, पुन्हा मोजले. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि विचारले, "हिला घेरी येते का हो? पळताना, घाबरल्यावर?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. मशीनने कागदाच्या डोक्यावर स्वतःहून काहीतरी छापलेले होते, फक्त त्यावरच त्या विसंबल्या असत्या तर माझी मुलगी त्या दिवशी भुलीखालीच गेली असती. तिचा क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी, पाचशे मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे फारच लांबलेला होता.

पुढे महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. निदान पक्के झाले, फिटचे औषध हळूहळू बंद झाले, हृदयाची लय सांभाळणारे प्रोप्रानोलॉल सुरू झाले. नंतर हृदयाचे डॉक्टर शेजारी उभे असताना आणि शॉक द्यायचे मशीन लावून ठेवून इम्प्लांटही झाले. आज ती शाळेत जाते. आवाज ऐकते, पण बोलणे मागे राहिले आहे, कारण इम्प्लांट जितके लवकर तितके चांगले आणि आमची ती वर्षे फिटच्या गोळ्यांत गेली.

एक गोष्ट घरातली आहे, ती लिहायला हात जड होतो. माझी सासू ही माझी सख्खी आत्या. त्यांचेही लग्न नात्यातलेच. त्यांचा पहिला मुलगा मुका होता, आठव्या वर्षी विहिरीत पोहताना गेला. पट्टीचा पोहणारा पोरगा पाण्यात कसा बुडाला, हे कुणाला कळले नाही. कुणी म्हणाले भोवरा, कुणी म्हणाले बाहेरचे. आत्याने त्या विहिरीचे पाणी पुन्हा तोंडाला लावले नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी घरातल्या अचानक गेलेल्या माणसांची चौकशी केली तेव्हा आत्याने हे सांगितले, आणि त्यांनी पेन खाली ठेवले. या आजारात पोहणे हे अत्यंत धोक्याचे. चाळीस वर्षांनी एका आईला कळले की तिचा मुलगा कशाने गेला असावा.

आपल्या जिल्ह्यात, आणि सांगली, सोलापूर, बेळगाव सगळीकडेच, मामाच्या पोरीशी लग्न ही चालत आलेली रीत आहे. नात्यातल्या लग्नात एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, आणि म्हणून असे आजार आपल्याकडे शोधायला हवेत, इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त. आमच्या वाट्याला मात्र शोधाऐवजी बोलणी आली. एका ठिकाणी भरल्या ओपीडीत मला ऐकवले गेले, "नात्यात लग्न करता, मग मुलं अशीच होणार." माझे लग्न मी ठरवले नव्हते. आणि ठरवले असते तरी त्या वाक्याने माझ्या मुलीचा क्यूटी कमी झाला नसता. त्याच दमात "धाकट्याचाही ईसीजी काढून घ्या" एवढे म्हटले असते तर ते वाक्य मी गोड मानून घेतले असते. धाकट्याला ऐकू येते म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलेच नाही. त्याचा ईसीजी आम्ही स्वतः आग्रह धरून काढून घेतला. एकेरी दोष असलेल्यांना ऐकू नीट येते, तरीही त्यांच्यातल्या काहींचा क्यूटी लांबलेला असू शकतो. म्हणून आईबाप आणि भावंडे, सगळ्यांचा ईसीजी निघायला हवा.

आता औषधांबद्दल, कारण इथे रोजचा धोका आहे आणि तो सगळ्यात कमी बोलला जातो. घसा सुजला की आपल्याकडे सर्रास अझिथ्रोमायसिन लिहितात. उलटीला ओन्डान्सेट्रॉन, मळमळीला डॉमपेरिडोन, जुलाबाला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली गोळी, बुरशीला फ्लुकोनाझोल, खाजेला हायड्रॉक्सिझिन. ही चांगली औषधे आहेत, लाखो लोक घेतात. पण ही सगळी क्यूटी लांबवू शकतात, आणि ज्याचा क्यूटी मुळातच लांब आहे त्याला ती प्राणघातक ठरू शकतात. जुलाब-उलटीने पोटॅशियम उतरले तर धोका आणखी वाढतो. म्हणजे माझ्या मुलीला साध्या घशाच्या किंवा पोटाच्या दुखण्यात जी औषधे हमखास लिहिली जातात, नेमकी तीच तिला चालत नाहीत. आजाराचे नाव आणि न चालणारी औषधे लिहिलेले कार्ड मी घेऊन फिरते. एका दवाखान्यात कार्ड पुढे केल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही मला शिकवणार का?" आणि चिठ्ठी तशीच ठेवली. मी ती औषधे घेतली नाहीत, बाजारपेठेतल्या दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा लावून कार्ड शेवटपर्यंत वाचले, मोबाइलवर काहीतरी तपासले आणि अमॉक्सिसिलिन लिहिले. त्यांनाही हा आजार आधी माहीत नव्हता. वाचून बघायला तेवढी दोन मिनिटे लागली.

मेडिकलमध्ये वेगळीच अडचण. "ही बीपीची गोळी आहे ताई, लहान मुलीला कशी देऊ?" हा प्रश्न काळजीपोटी असतो, मी रागावत नाही. पण प्रोप्रानोलॉल चुकवून चालत नाही आणि एकदम बंद करणे तर फारच धोक्याचे. चिठ्ठीवर आजाराचे नाव मराठीत लिहिलेले असते तर दुकानातला मुलगा विचारात पडला नसता.

तज्ज्ञ डॉक्टरांना मला हात जोडून, पण स्पष्ट सांगायचे आहे. आमची माणसे तुमच्याकडे येतात ती भाड्याची गाडी करून, रोजगार बुडवून. कानाच्या खोलीत सांगतात, हृदयाचे आम्ही बघत नाही. हृदयाच्या खोलीत सांगतात, कानाचे तिकडे विचारा. दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर असतात आणि निरोप मात्र पेशंटच्या आईने न्यायचा असतो. तो निरोप बिचारीला कळलेला असतोच असे नाही.

हे फक्त आमचेच नाही. बाकावर बसून बसून ओळखी होतात. चंदगडकडच्या एक बाई आवाज बसला म्हणून कितीतरी महिने घशाच्या गोळ्या खात होत्या. दुर्बिणीने पाहिले तर डावी स्वरपट्टी हलत नव्हती. तेवढ्यावर कुणी पुढे गेले नाही. त्यांना जिना चढताना दम लागतो, हे त्यांनी सांगितले, पण घशाच्या खोलीत दमाचे कोण ऐकणार? शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला तेव्हा हृदयाची झडप आकसलेली निघाली. लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब होते, हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो, आणि त्या भागात स्वरपट्टीला जाणाऱ्या नसेवर दाब येतो. व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ साली हे लिहून ठेवले, आणि त्या आजाराला त्यांचेच नाव आहे. ज्या जिल्ह्यात सांधेतापाने झडपा गेलेले पेशंट अजूनही येतात, तिथे बसलेल्या आवाजाच्या पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लागू नये?

शिरोळकडचे एक काका होते. नाकातून रक्त येते म्हणून दर वेळी नाकात बोळे भरून घरी. त्यांच्या वडिलांनाही तेच होते, थोरल्या मुलीलाही आहे, ओठांवर आणि जिभेवर बारीक लाल ठिपके. अशा घरांत रक्तवाहिन्यांचा एक आनुवंशिक आजार असतो. त्यात फुप्फुसात आणि मेंदूतही रक्तवाहिन्यांच्या गाठी असू शकतात, आणि त्यातून पक्षाघातापर्यंत मजल जाते. त्यासाठी हृदयाच्या इकोच्या वेळी बुडबुड्यांची एक खास तपासणी करतात. काकांना ती सांगितली एका शिकाऊ डॉक्टर मुलीने. तिने फक्त विचारले होते, "घरात आणखी कुणाला होतं का?"

या तिन्ही घरांत औषध किंवा मशीन कमी पडले नाही. कान-नाक-घसा आणि हृदय यांच्यामध्ये बोलणारे कुणी नव्हते.

आणि आमच्या मुलांशी बोलणारेही कुणी नसते. माझ्या मुलीच्या आजारात भीती हे झटक्याचे मोठे कारण आहे. भीती म्हणजे तिच्यासाठी भावना नाही, ती तिच्या हृदयाची लय बिघडवू शकते. आता तिला एका अनोळखी खोलीत नेऊन आडवे करतात. आई बाहेर. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, म्हणजे ओठ दिसत नाहीत. कुणीतरी फ्रॉक वर करतो आणि थंडगार चिमटे हातापायांना लावतो. ऐकू न येणाऱ्या पोरीला काय चालले आहे, ते कसे कळणार? मी दाराबाहेरून तिचे रडणे ऐकले आहे आणि आत घुसले आहे. तिला खुणांनी सांगितले, दुखणार नाही, छातीचे चित्र काढणार आहेत. ती लगेच शांत झाली. तिथल्या एका सिस्टरने तेव्हापासून वहीवर चित्र काढून दाखवायला सुरुवात केली. आधी एक माणूस झोपलेला, मग तारा, मग हसरे तोंड. त्या सिस्टरला मी विसरणार नाही. पण एका चांगल्या सिस्टरच्या पाळीवर माझ्या मुलीचा जीव किती दिवस ठेवायचा?

आणखी एक सांगते. "इंटरेस्टिंग केस आहे, बघून घ्या" असे म्हणून एकदा विद्यार्थ्यांचा घोळका आत आला. मुलीचे कपडे उघडे, दहा-बारा माणसे भोवती, सगळे बोलतात आणि तिला एक अक्षर कळत नाही. विद्यार्थ्यांनी शिकायलाच हवे, ती शिकली तरच पुढच्या पोरी वाचतील, आणि मी स्वतः त्यांना सगळी हकीकत सांगायला तयार आहे. फक्त आधी विचारा, तिला कळेल असे सांगा, अंगावर चादर घाला.

सरकारी योजनांचा मला सेविका म्हणून रोज अनुभव आहे आणि त्यांनी कितीतरी जीव वाचवले आहेत, हे मी पाहिले आहे. २०१३ सालापासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मजात बहिरेपणा, जन्मजात हृदयविकार आणि झटके, तिन्ही गोष्टी त्या कार्यक्रमात आहेत. माझे म्हणणे एवढेच, की ज्या पोराच्या नावापुढे बहिरेपणाची खूण झाली, त्याच्या हृदयाची तपासणी तिथेच जोडून घ्या, मग त्याला झटके येवोत न येवोत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे छत्र आता पाच लाखांपर्यंत गेले आहे, पण ती मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. आमच्यासारख्यांचा पैसा जातो तो ओपीडीत, गाडीभाड्यात, घरातल्या सगळ्यांच्या जनुक तपासणीत आणि जन्मभराच्या औषधात.

जगभरात दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळे जन्मतः बहिरी असतात, असे मानले जाते. त्यांतल्या अगदी थोड्यांना हा आजार असेल. पण ती थोडी मुले कोणती, हे ईसीजी काढल्याशिवाय कळायला दुसरा सोपा मार्ग नाही. म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली, आणि बाकी काहीच झाले नाही तरी एवढी व्हावीच. प्रत्येक कर्णबधिर मूल अपंगत्वाच्या दाखल्यासाठी केव्हा ना केव्हा सरकारी टेबलासमोर येतेच. बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली, दाखला झाला, त्याच दिवशी त्याच इमारतीत ईसीजी निघावा. क्यूटीसी माणसाने हाताने मोजावा, मशीनच्या छापील शेऱ्यावर सोडू नये, आणि तो आकडा मुलाच्या फाइलवर लिहावा. जे दाखले आधीच निघाले आहेत, त्या मुलांसाठी जिल्ह्यातल्या सगळ्या कर्णबधिर शाळांमध्ये ईसीजीचे मशीन न्यावे. गगनबावडा, आजरा, चंदगड, शाहूवाडी इथली मुले शहरात येतील म्हणून वाट बघत बसू नये.

कर्णबधिर मूल बेशुद्ध पडल्याची तक्रार आली तर फिटचे औषध सुरू करण्याआधी ईसीजी निघालाच पाहिजे, असा लेखी आदेश प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जावा. घरात कुणी लहानपणी अचानक गेले होते का, विशेषतः पाण्यात, हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असावा.

महिन्यातून एक ठरलेला दिवस हृदयरोग, कान-नाक-घसा, बालरोग आणि वाचा-श्रवण तज्ज्ञ यांनी आमच्यासारख्या पेशंटना एका खोलीत एकत्र पाहावे. जागा आमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचीच असावी, कारण कोकणापासून सीमाभागापर्यंतची माणसे शेवटी तिथेच येतात. चंदगडच्या बाई आणि शिरोळचे काका यांच्यासारख्यांनाही तोच दिवस मिळावा. जनुकांबद्दलचा सल्ला त्याच दिवशी, दार लावून आणि बोलणी न लावता द्यावा.

निदान झालेल्या प्रत्येक मुलाला मराठी आणि इंग्रजीत छापलेले कार्ड मिळावे. आजाराचे नाव, न चालणारी औषधे, कोसळल्यावर काय करायचे, कुणाला फोन करायचा. आज माझ्याजवळचे कार्ड मी झेरॉक्सच्या दुकानात बसून स्वतः तयार केलेले आहे. १०८ च्या गाडीवरचा डॉक्टर माझ्या अक्षरावर विश्वास का ठेवील? सरकारी शिक्का असेल तर ठेवील. औषधांची तीच यादी डॉक्टरांच्या आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनाही पाठवावी.

कर्णबधिर शाळांतल्या शिक्षकांना छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि शॉक देणारे स्वयंचलित मशीन शाळेत बसवावे. ज्या मुलाचा क्यूटी लांब आहे त्याला शर्यतीत पळवू नये, रंकाळ्यात किंवा पंचगंगेत पोहायला नेऊ नये, आणि मागून जाऊन दचकवू नये, हे खेळाच्या सरांना लेखी कळवावे. पोरीला खेळापासून तोडा, असे मी म्हणत नाही. तिला कॅरम येतो, चित्रे येतात, सावकाश चालत ती जोतिबाला जाऊन आली आहे.

मोठ्या दवाखान्यांत खुणांची भाषा जाणणारे एक माणूस नेमावे, आणि ते येईपर्यंत तपासणीच्या खोलीत आईला आत राहू द्यावे. यासाठी पैसाही लागत नाही आणि वरच्या मंजुरीचीही गरज नाही. उद्या सकाळपासून करता येईल.

या पत्राचे उत्तर मला वैयक्तिक नको. पुढच्या तपासणीच्या फेरीची यादी निघेल तेव्हा त्यात ईसीजी असेल की नाही, एवढे लेखी जाहीर करा. नसेल तर का नाही, तेही लिहा. माझ्या आणि आसपासच्या गावांतल्या कर्णबधिर मुलांच्या आयांशी माझे बोलणे झाले आहे. मशीन कुठल्या दिवशी कुठल्या गावात येणार, ते आठ दिवस आधी कळवा. मुलांना वेळेवर आणून बसवण्याची, त्यांना खुणांनी समजावण्याची आणि घरोघरची माहिती लिहून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

कळावे,
आपली,
एका कर्णबधिर मुलीची आई
तालुका भुदरगड, जिल्हा कोल्हापूर